थंड पाण्यातली जिग

होबर्ट टॅकेटला थंडीतलं तळं कळतं, हे टेनेसीच्या त्या डोंगरात त्याच्याशी न बोलणारी माणसंही कबूल करत. आणि अशी माणसं बरीच होती, कारण म्हातारा भारी तिखट जिभेचा. जानेवारीत कुणी खुळखुळ वाजणारी, भडक रंगाची आमिषं घेऊन निघालं की तो धक्क्यावरूनच विचारायचा, "मासे धरायला चाललाय की वरातीला?" तो आपली जिग घरी बांधायचा. वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, त्यात गळ, आणि मागे हरणाच्या शेपटीचे थोडे तपकिरी केस. गार पाण्यात बास मासा सुस्तावतो. जिग तळाशी नेऊन त्याच्यासमोर निपचित ठेवावी लागते.

यंदा त्याच्या हातांना कंप सुटला होता. हाताबरोबर गळाची काठी हलायची, काठीबरोबर दोरी, आणि खाली जिग थरथरायची. सहा आठवडे एक मासा नाही. त्यात एकदा तो होडीतून पडता पडता वाचला, तेव्हा डीनाने, त्याच्या मुलीने, होडी विकायचं काढलं. बरीच वादावादी होऊन ठरलं, की शनिवारी तिच्यादेखत एक बास धरायचा. नाही जमलं तर होडी गेली.

शनिवारी आमिषांची डबी उघडून तो बराच वेळ नुसता बघत बसला.

"ती नारिंगी घ्या ना डॅडी," डीना म्हणाली. "ती नाचतेच, मग हात हलला तरी काय बिघडतं?"

"नाच मे महिन्यात. आत्ता माशाला ताट तोंडापुढे लागतं."

त्याने सगळ्यांत हलकी तपकिरी जिग निवडली.

दुपार झाली. बोटं बधिर झाली. डीनाने कॉफी दिली, आणि कप दोन्ही हातांनी धरावा लागला म्हणून त्याने काठी होडीच्या काठाला टेकवली. खाली जिग स्थिर झाली. काही क्षणांतच काठीचं टोक वाकलं. होबर्टने कप टाकून काठी धरली आणि धापा टाकत चांगला पाच पौंडांचा बास वर घेतला.

"राहिली तुमची होडी!" डीनाला रडूच फुटलं.

होबर्टने मासा पाण्यात सोडून दिला. "हा मोजायचा नाही. गळाला लागला तेव्हा काठी माझ्या हातात नव्हती."

तळ्यावरच्या जुन्या मंडळींचा हा नियम होता, आणि तो सगळ्यांत कडकपणे पाळायला लावणारा होबर्टच. सख्खा भाऊ लॉनी याचा आयुष्यातला सर्वांत मोठा बास होबर्टने याच कारणावरून बाद ठरवला होता. लॉनी मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

"होती हातात," डीना म्हणाली. "मी पाहिली. कुणीही विचारू दे, मी शपथेवर सांगेन."

होडी विकायला निघालेली पोर खोटं बोलत होती, तेही डोळ्यांत डोळे घालून.

"लॉनीनेही मला एवढंच म्हण म्हणून विनवलं होतं, मी म्हटलं नाही," होबर्ट म्हणाला आणि होडीची किल्ली त्याने तिच्या हातावर ठेवली.