मागच्या दाराचं पाणी

भूपाल मगदूमसारखी माणसं नद्यांना दिशा देतात, असं त्याच्या शोकसभेत एक वक्ते गहिवरून म्हणाले. भूपालने कृष्णेला कसलीही दिशा दिल्याचं मला आठवत नाही. ती कुठे जाणार ते जरा आधी कळावं, एवढ्यासाठी तो आयुष्यभर संगणकासमोर बसला. आणि बऱ्याचदा ती त्याला चकवायची...

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट पाहत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो. शाळेपासूनची आमची मैत्री. पुढे मी मराठी शिकवू लागलो आणि तो इंजिनियरिंग. त्यातच त्याला पुराच्या मॉडेलचा नाद लागला. मॉडेल म्हटल्यावर मला प्रदर्शनातली थर्माकोलची धरणं आठवली. त्याने मला शेजारी बसवून दाखवलं. खोऱ्यात पडलेला पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी, जमिनीचा चढउतार, रस्त्यांचे भराव, सगळं आत घालायचं. मग पडद्यावर सांगलीच्या गल्ल्यांतून निळा रंग सरकू लागायचा. "बघ गड्या, आता वळतंय!" तो ओरडायचा. क्रिकेटचा सामना बघताना शेजारी नको असा माणूस. पण खरं सांगतो, मीही खुर्चीच्या कडेवर यायचो.

एका पावसाळ्यात तो निळा रंग त्याच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, घरात मागच्या दाराने शिरला. अक्कांचं घर नदीकडे तोंड करून. पूर पुढूनच येतो, हे त्या गल्लीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान. म्हणून नदी वाढली की अक्का अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची खाट मागच्या स्वयंपाकघरात हलवायच्या. मॉडेलचं म्हणणं वेगळं होतं. घरामागच्या ओढ्यापलीकडे भराव टाकून रस्ता उंच केलेला. नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरणार आणि पलीकडे जागा नाही म्हणून थेट स्वयंपाकघरात येणार. भूपाल मला घेऊन अक्कांकडे धावला.

"अक्का, म्हातारीला माडीवर घे."

"तुझी मिशिन कवा पुरात राहिलीया का रं? आमी राहिलोय."

गल्ली कट्ट्यावर नदीकडे डोळे लावून बसली होती. तिथून शेजारी म्हणाला, "आवं सर, पाणी काय चोर हाय व्हय, मागनं यायला?"

भूपाल हलेना. शेवटी अक्का कंटाळल्या. "उचला. पण मग गप बसायचं." आम्ही दोघांनी खाट जिन्यातून वर चढवली. सासूबाई वाटभर "पाडशीला रं मला" म्हणत होत्या.

दुपारी पुढचा उंबरा कोरडा ठणठणीत होता. आणि मागे भांडी एकमेकांवर आपटू लागली... भूपाल घोटाभर पाण्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता. "आलं! अक्का, मागनंच आलं!"

"मुडद्या, माझं स्वयंपाकघर बुडाय लागलंय आन्‌ टाळ्या कसल्या वाजवतोस!" जिन्यातून अक्का कडाडल्या. मग त्यांची नजर खाटेच्या रिकाम्या जागेवर गेली. त्या जिन्यातच खाली बसल्या.

पाणी वाढायचं थांबलं तेव्हा भूपाल भिंतीवर हात लावून बघत होता. "वीतभर चुकलं गड्या! का चुकलं असंल?" बरोबर निघाल्यापेक्षा त्याला या वीतभराचाच आनंद जास्त झाला होता. चिखल वाळायच्या आत त्याला कारण सापडलं. कुणीतरी बांधलेली कुंपणाची भिंत नकाशात नव्हती. ती मॉडेलमध्ये घालताना तो नव्या नवरदेवासारखा खुलला होता.

पुढे त्याने हट्टाने अक्कांचं स्वयंपाकघर कायमचं माडीवर नेलं, स्वतः उभा राहून ओटा बांधून घेतला. गेल्या आठवड्यात मी तिथे चहा प्यायलो. "हितं उभी राहिली की त्यो मागं हाय आसं वाटतंय," अक्का ओट्यावर हात फिरवत म्हणाल्या. कितीही मोठा पूर आला तरी त्या ओट्यापर्यंत पाणी चढणार नाही, असं मॉडेल सांगतं. नळाचंही चढत नाही. अक्का खालून घागर भरून आणतात.