आरशाखालची किंदार्का

ॲडम्सटाउन स्टेशनजवळच्या सलूनमधला आमचा न्हावी अल्बेनियाचा. कात्री थांबली की इथल्या आयरिश लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे 'झकास', म्हणायची त्याची सवय. हरलेली फुटबॉल टीम, बोथट वस्तरा, खोटारडा पुढारी, सगळ्यांना त्याचं एकच वाक्य: "याची किंमत एक किंदार्कासुद्धा नाही!" किंदार्का म्हणजे त्यांच्या चलनातला जुना पैसा. नाणी कधीच बंद झाली, शब्द तेवढा तोंडात राहिला. एक नाणं त्यानं आरशाखाली जपून ठेवलं होतं.

त्या शनिवारी मी खुर्चीत होतो आणि माझी मुलगी सई बाकावर. बायकोचा फोन आला, सईच्या वाढदिवसाला या न्हाव्यालाही बोलवायचं का?

"अगं, वाढदिवसाला न्हाव्याला कशाला घरी?" मी मराठीत बिनधास्त बोलून गेलो.

सईला मराठी कळतं, पण बोलते ती इंग्रजीत. तिनं खणखणीत इंग्रजीत विचारलं, "बाबा, माझ्या वाढदिवसाला न्हाव्याला आपल्या घरी का नाही बोलवायचं?"

कात्री थांबली. 'ग्रँड' काही आलं नाही.

त्यानं माझे केस नेहमीसारखेच निगुतीनं कापले, मानेवरचे केस झटकले आणि आरशाखालचं नाणं सईच्या हातावर ठेवलं. "हॅपी बर्थडे."

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, याचं काय मिळतं?

"काहीच नाही," मी म्हणालो. एक किंदार्कासुद्धा किंमत आज कुणाची नव्हती, ते मात्र सांगवलं नाही.