शेजाऱ्याच्या खाचरातला बांध

मार्गासनीच्या स्टँडवर तो दर महिन्याला दिसतो. नाव मी कधी विचारलं नाही. एसटी येईपर्यंत खिशातली गोळ्यांची डबी चाचपत बसतो. एकदा मी विचारलंच, कसल्या हो गोळ्या?

"मन कधी उधळतं, कधी उठतच न्हाई, मावशी. डॉक्टर बायपोलर म्हणत्यात. रक्तात बी-बारा जीवनसत्त्व बी कमी निघालं. त्याची इंजेक्शनं घेतली, अंगात जोर आला. वाटलं, आजारच गेला! गोळ्या सोडल्या."

"मग?"

"तीन दिवस न झोपता बांध घातला, त्यो बी शेजाऱ्याच्या भातखाचरात! डॉक्टर म्हणालं, जीवनसत्त्व भरायचंच, पण गोळी सोडायची न्हाई."

"आणि बांध?"

"हाय की. शेजारी रोज सकाळी त्यावर उभा राहून हाक मारतो, गोळी घेतली का रं?"