खाली उभा राहणारा माणूस

आईकडे बघत उभं राहण्याचा पगार माझ्या बाबांना अकरा वर्षं मिळत होता.

आई बूम लिफ्ट चालवते. लांब पोलादी हात आणि त्याच्या टोकाला दोन माणसं मावतील एवढी बास्केट. त्यात उभी राहून ती गोदामांच्या छताचे पाइप आणि दिवे दुरुस्त करते. वर माणूस असला की खाली एकजण लागतोच. वरच्याला काही झालं, तर खालच्या पॅनलवरची किल्ली फिरवून बास्केट उतरवता येते. तो एकजण म्हणजे बाबा. बाकीचे खालचे लोक फोन बघतात, गप्पा छाटतात. बाबांची मान वर ती वरच. चहा नको, पाणी नको. कामावर त्यांना सगळे 'खांब' म्हणत, आणि घरी मीही त्यांना कमी चिडवलं नाही.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पहिल्याच वर्षी आईची बास्केट एका तुळईखाली शिरली आणि आई कठडा आणि तुळई यांच्यामध्ये सापडली. तिच्या अंगाच्या भारानेच बास्केट चालवायचा दांडा दाबला जात होता आणि बास्केट आणखी वर रेटत होती. तिच्या तोंडून आवाज फुटेना. बाबांनी खालून किल्ली फिरवली म्हणून दोन फासळ्यांवर निभावलं. तीन महिन्यांनी आई शीळ घालत पुन्हा वर गेली. बाबांची झोप मात्र उडाली ती उडालीच.

यंदा कंपनीने नियम काढला की खालच्या माणसाकडेही लायसन्स हवं. ते मिळालं नाही तर बाबांची बदली पॅकिंगला होणार आणि सोमवारपासून आईच्या खाली कुणीतरी नवा उभा राहणार. लायसन्स हवं तर स्वतः वर जाऊन मशीन चालवून दाखवायचं. आणि आमचे बाबा पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले तरी एका हाताने भिंत धरतात.

"नका देऊ परीक्षा," आई म्हणाली. "खाली काय, कुणीही उभा राहील."

"कुणीही?" बाबा एवढंच म्हणाले आणि नियमांचं पुस्तक उघडून बसले.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावरचा खालचा माणूस तापाने घरी होता. परीक्षक बाईंनी सोबत आलेल्या आईचं लायसन्स पाहिलं आणि तिलाच पॅनलपाशी उभं केलं. "तुम्ही किल्ली फिरवलीत की ते नापास," त्या म्हणाल्या आणि बाजूने नीट दिसावं म्हणून लांब पांढऱ्या रेघेपाशी जाऊन थांबल्या. मी कुंपणाबाहेर होते.

बाबांनी पट्ट्याचा हुक बास्केटच्या कडीत अडकवला आणि तीनदा ओढून पाहिला. मग पेडलवर पाय ठेवून दांडा हलवला. बास्केट वर जाऊ लागली. एका हाताने त्यांनी कठडा घट्ट धरला होता. सरावासाठी उभारलेल्या तुळईखाली बास्केट नेऊन थांबवायची आणि तिथून खाली आणायची, एवढंच काम होतं. तुळईखाली ते पोचले. आणि खाली यायचं सोडून त्यांनी दांडा वर ढकलला.

बास्केट हिसका देऊन वर निघाली. तुळई डोक्यापासून हातभर राहिली.

"पाय काढा," आई पुटपुटली. मग ओरडली, "अहो, पाय काढा!"

पेडलवरचा पाय उचलला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण घाबरलेला माणूस तो पाय आणखी जोरात रोवतो, हे आईइतकं कुणाला ठाऊक असणार? तिची बोटं किल्लीवर होती. फिरवली तर परीक्षा गेली. आणि नाही फिरवली तर? तुळई वीतभर राहिली.

"आई, फिरव!" मी किंचाळले.

तेवढ्यात बास्केट थांबली. बाबांनी पाय उचलला होता. डोळे मिटून, मान खाली घालून ते तसेच उभे होते. मग डोळे उघडून त्यांनी दांड्यावरचे बाण बोट ठेवून वाचले, पुन्हा पाय ठेवला आणि इंच इंच करत खाली आले.

"दांडा चुकलात, त्याचे मार्क कापलेत," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण वेळेवर पाय काढलात. पास."

बाबा हुक सोडवून बाहेर आले तेव्हा आई पॅनलपाशी जमिनीवर फतकल मारून बसली होती. बाबांनी तिला उठवायला हात पुढे केला. तिला उठताच येईना. त्यांचा तो हात धरून ती रडायला लागली. उंचीला कधी न भ्यालेली माझी आई मी पहिल्यांदाच अशी पाहिली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "तुम्हाला खाली रोज हे असं होत होतं?"

"रोज कुठे?" बाबा म्हणाले. "रविवारी सुट्टी असते."