यानातली खाट आणि उत्तर दिशा

इंदूरच्या आमच्या मराठी संस्थेच्या स्मरणिकेत मागच्या महिन्यात एक तक्ता पुन्हा छापला गेला आहे. अवकाशयानाच्या नकाशात खाट, टेबल, कपाट, शेगडी कशी दाखवायची, त्या खुणांचा. खाली ओळ आहे की तक्ता तेव्हाच्या अध्यक्षांनी तयार केला. ही ओळ खोटी आहे. तक्ता माझ्या वहिनीने काढला. अध्यक्षांनी त्यात एक बाण घातला आणि तो चुकीचा होता.

मध्य प्रदेश नुकताच झाला होता. रशियाने अवकाशात गोळा सोडल्याला फार दिवस झाले नव्हते आणि इंदूरच्या मराठी मुलांना दुसरे काही सुचत नव्हते. मी राजवाड्याजवळच्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. सकाळचा वेळ मोकळा असे, म्हणून संस्थेने मुलांचे मासिक माझ्या गळ्यात घातले. त्यात मी माळव्यातून उडालेल्या एका यानाची गोष्ट क्रमशः लिहीत असे. दर अंकात यानाच्या एका मजल्याचा नकाशा आणि त्यावर कोडे: कप्तानाच्या खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत, कुठल्याही सामानाला न लागता, पेन्सिलीने वाट काढा.

नकाशे तिघे जण काढत. एक चित्रकलेचे मास्तर, एक कॉलेजातला मुलगा आणि वहिनी. तिघांच्या खुणा तीन प्रकारच्या. मास्तरांच्या नकाशात फुलीचा चौकोन म्हणजे कपाट, कॉलेजकुमाराच्या नकाशात तेच जमिनीतले झाकण. कृष्णपुऱ्यातली एक मुलगी वडिलांचा हात धरून थेट संस्थेत आली आणि विचारू लागली, "कप्तान कपाटात घुसून खालच्या मजल्यावर कसा काय गेला?" तिचे म्हणणे बरोबर होते.

माझा भाऊ बांधकाम खात्यात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होता. नवे राज्य झाल्यावर त्याची कचेरी भोपाळला गेली. तिथे क्वार्टर मिळेना, म्हणून वहिनी इंदुरात माझ्या आईजवळ राहिली. ती इंटर सायन्स झालेली. लग्नानंतर भावाच्या नकाशांचे ट्रेसिंग घरी तीच करी. कचेरीत ते भावाचे म्हणून जाई. भाऊ सुट्टीला आला की सांगे, एका हॉलमध्ये जुन्या राज्यांची माणसे बसवली आहेत आणि प्रत्येकाच्या नकाशात दरवाजा वेगळ्या तऱ्हेने उघडतो.

"त्यांचं मिटेल तेव्हा मिटेल," वहिनी मला म्हणाली. "आपलं यान तरी एका रीतीने काढू या, भाऊजी."

दुपारी स्वयंपाकघर आवरले की ती जेवणाच्या टेबलावर नकाशाचा बोर्ड मांडी. तिची पद्धत साधी होती. यानात वजन नसते, तेव्हा सामान कशाला तरी जखडलेले हवे. जमिनीला पक्के असेल तर खुणेत काळा ठिपका. भिंतीला टांगलेले असेल तर त्या बाजूला दुहेरी रेघ. छताला असेल तर तुटक रेघ. खाटेच्या उशाला जाड रेघ, आणि उसे नेहमी दाराकडे, म्हणजे हाक मारायला आलेल्याचा हात निजलेल्याच्या खांद्यापर्यंत पोहोचावा. आईने एकदा चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "सगळं केलंस, मोरी कुठे आहे गं?" वहिनी हसली आणि मोरीची खूण वाढवली. ती खूण तक्त्यात अजून आहे.

तिला हा तक्ता स्वतःच्या नावाने छापून हवा होता आणि ते तिने मला स्वच्छ सांगितले होते. राऊच्या रस्त्यावर बंगले बांधणाऱ्या एका आर्किटेक्टकडे ट्रेसरची जागा होती. बाईमाणूस ठेवायला तो तयार होता, पण म्हणाला होता, "बाई, छापलेलं काही दाखवा, तुमच्या नावाचं. नाहीतर हे तुमचंच काम आहे, मला कसं कळणार?" वर्षानुवर्षांच्या ट्रेसिंगवर भावाची सही होती. तिच्या नावाचे असे काहीच नव्हते.

दिवाळी अंकासाठी तक्ता, त्याच पानावर त्या खुणांनी काढलेल्या कोड्याच्या नकाशासकट, संस्थेच्या समितीपुढे गेला. समितीत बहुतेक संस्थानी अमलातले जुने अधिकारी. अध्यक्ष संस्थानाच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. वहिनीला बोलावले होते. तिला दाराजवळची खुर्ची दिली.

अध्यक्षांनी कागद लांब धरून पाहिला. "वहिनीसाहेब, काम सुंदर आहे. पण उत्तर दिशा कुठे आहे?"

"यानात उत्तर दिशा नसते," वहिनी म्हणाली.

"अहो, असं कसं? ज्यावर उत्तर दिशा नाही असा नकाशा मी अख्ख्या नोकरीत पास केला नाही. क्यों भिया, बरोबर ना?" हे इंदुरी 'भिया' मला उद्देशून होते.

"पृथ्वी मागे राहिली की दिशाही मागे राहते, साहेब," मी म्हणालो.

खजिनदार पुढे सरकले. "ते राहू द्या. मुद्दा खाटांचा आहे. इथे काही खाटांचं उसं या बाजूला, काहींचं त्या बाजूला. उत्तरेकडे डोकं करून पोरांना निजवलं, असं उद्या कोणी म्हटलं तर?"

"पण उत्तर आहे कुठे तिथे?" वहिनी म्हणाली. "कापड मार्केटातून आणू?"

कोणी हसले नाही. बैठकीचा उरलेला वेळ याच गोष्टीवर गेला की यानात उत्तर कुठे धरावी. शिकलेली, पेन्शन घेणारी माणसे चहा पीत यानाला दिशा ठरवत होती. शेवटी ठराव झाला: यानाचे नाक म्हणजे उत्तर, तिकडे बाण काढावा. सगळ्या खाटांचे उसे शेपटीकडे.

"आणि यान परतीला वळलं की?" वहिनीने विचारले.

"तेव्हाचं तेव्हा पाहू," अध्यक्ष म्हणाले.

तिने नकाशावर बोट ठेवले. उसे शेपटीकडे केले तर कप्तानाची खाट काटकोनात फिरून दाराच्या आड येते. दार उघडतच नाही. तिने हे बसून, आवाज न चढवता सांगितले.

"पोरं काय दार उघडून बघणार आहेत, बाई?"

पोरे तेच बघतात, हे मी सांगितले. कोड्याची वाट दारातूनच जाते, हेही सांगितले. इतिवृत्तात त्यापैकी काही आले नाही. बाण मास्तरांनी घातला आणि खाटाही त्यांनीच फिरवल्या, कारण वहिनीने नकार दिला. "चूक तुमची, हातही तुमचाच लागू दे," एवढे म्हणून ती उठली. एका गोष्टीवर ती मात्र अडून होती: बाणासकट का होईना, तक्त्याखाली नाव छापा. ठिपका, दुहेरी रेघ, तुटक रेघ तिची होती.

मी प्रुफात नावाची ओळ घातली. पूर्ण नाव, 'सौ.' न लावता, तिने सांगितले तसे. अंक हातात आला तेव्हा तिथे 'संस्थेच्या समितीने तयार केलेला तक्ता' असे होते. छापखान्याच्या फोरमनने सांगितले, अध्यक्ष स्वतः येऊन ओळ बदलून गेले.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आधी फराळाची ताटली पुढे केली.

"नाव का काढलंत?"

"भिया, तुम्ही तर पेपरवाले. समजून घ्या. चांगल्या घरची बाई, नाव असं नकाशाखाली, बाजारात फिरणार. तिच्याच भल्याचं पाहिलं मी."

"तिने मागितलं होतं."

"तिला काय कळतं त्यातलं? आणि काम शेवटी संस्थेचं. बाण तर आमचाच आहे ना?"

मी ताटलीला हात लावला नाही आणि त्याच आठवड्यात मासिक सोडले. समितीने आभाराचा ठराव केला. यान परतीला वळलेच नाही. पुढचे भाग कोणी लिहिले नाहीत. दिवाळी अंकातल्या कोड्याचे एकही बरोबर उत्तर आले नाही, कारण कप्तान खोलीबाहेर पडूच शकत नव्हता. कृष्णपुऱ्यातल्या मुलीने तेवढेच लिहून पाठवले होते. ते कोणी छापले नाही.

वहिनी तरीही अंक घेऊन आर्किटेक्टकडे गेली. त्याने पान पाहिले, खालची ओळ वाचली. "बाई, ही तर कमिटी आहे. तुम्ही कुठे आहात यात?" जागा दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन तिने बोर्ड टेबलावरून उचलला आणि खाटेखाली सरकवला. भाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे ट्रेसिंगचे कापड आणले होते. "ज्याची सही त्यानेच काढावं," ती म्हणाली. त्यानंतर तिने कोणासाठीही रेघ मारली नाही. भोपाळला क्वार्टर मिळाले, ती गेली. बोर्ड इंदुरातच राहिला.

स्मरणिका हातात आल्यावर संस्थेला मी पत्र पाठवले. उत्तर आले की इतक्या जुन्या गोष्टीचा पुरावा नाही, शिवाय अध्यक्ष आता हयात नाहीत, तेव्हा वाद नको. समितीचा तक्ता एका माणसाचा कधी झाला, याचा पुरावा त्यांना लागला नव्हता.

मग मी हा मजकूर लिहायला घेतला आणि भोपाळला जाऊन वहिनीला सांगितले की तिचे पूर्ण नाव पहिल्याच वाक्यात घालतो. तिला आता कमी दिसते. स्मरणिकेचे पान तिने डोळ्यांजवळ धरले, खाटेवरून बोट फिरवत दारापाशी आणले आणि तिथेच थांबवले.

"अजून अडकतंय," ती म्हणाली.

"नाव घालू ना?"

"तेव्हा हवं होतं, भाऊजी. तेव्हा नोकरी होती त्याच्या पलीकडे. आता काय आहे? माझं नाव छापून त्यांची स्मरणिका दुरुस्त करून द्यायची?" तिने पान परत दिले. "माझं घालायचं नाही. त्यांचंही नाही. बाण चुकला होता, एवढं लिहा."

बाण चुकला होता.