बहीत खोडत नाहीत

गरम कपड्यांत ठेवलेल्या कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला की मला रामघाटावरची ती बही, आमच्या वंशावळीची वही, आठवते. तेव्हा मी फ्रीगंजमधल्या एका क्रिप्टो कंपनीत ग्राहकांची ओळख तपासून नोंद ठेवायचो. सरकारी ऑडिट तोंडावर आलं, आणि एक खातं ओळख न तपासताच उघडल्याचं निघालं. साहेब म्हणाले, "तपासल्याची मागची तारीख टाक, बात खतम." दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी घाटावर गेलो. पंडाजींनी, म्हणजे आमच्या तीर्थपुरोहितांनी, गाव आणि आजोबांचं नाव विचारून आमच्या घराण्याची लांबलचक बही उघडली, तसा कीड लागू नये म्हणून पानांत ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट वास सुटला. आजोबांच्या अक्षरात लिहिलं होतं: धाकटा मुलगा सिंहस्थाच्या गर्दीत हरवला, गेला असं समजून तर्पण केलं. खाली वेगळ्या शाईत त्याच मुलाचं, म्हणजे ज्यांच्या खांद्यावर बसून मी मोठा झालो त्या काकांचं अक्षर: मी जिवंत आहे, आज दर्शनाला आलो. "वरचं खोडलं का नाही?" मी विचारलं. "भैया, बही में काटते नहीं, नीचे लिखते हैं," पंडाजी म्हणाले. क्रिप्टोतली नोंद कुणालाही बदलता येत नाही, असं जे आम्ही लोकांना कौतुकानं सांगायचो, ते इथे नदीकाठी साध्या शाईनं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. वडिलांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. ऑफिसात येऊन मी खातं उघडल्याची जुनी तारीख तशीच ठेवली आणि खाली लिहिलं: ओळख तेव्हा तपासली नव्हती, आज तपासली. ती नोकरी आता नाही. पण कधीतरी माझी मुलगी ती बही उघडेल, आणि माझ्या नावावर बोट ठेवेल.