चरबीचं कुलूप आणि आखाजीचे मांडे

शरीरातली चरबी कशी जळते हे मी गेली चौदा वर्षं जळगावच्या एका क्लासमध्ये शिकवतो आहे, आणि या चौदा वर्षांत माझी स्वतःची एक ग्रॅमही जळलेली नाही.

"पेशीत साठवलेल्या चरबीला कुलूप असतं!" त्या दिवशी मी फळ्यासमोर रंगात आलो होतो. "जेवलात की रक्तात इन्सुलिन वाढतं, कुलूप बंद. उपाशी राहिलात, चिडलात, घाबरलात की अ‍ॅड्रेनॅलिन येतं, कुलूप उघडतं आणि चरबीचे तुकडे होऊन रक्तात उतरतात. सोपं आहे!"

"मग सर, तुमचं कुलूप गंजलंय का?" पहिल्या बाकावरच्या वैष्णवीने विचारलं.

वर्ग हसला. मीही हसलो (नुसत्या ओठांनी) आणि भरल्या वर्गात पैज लावून बसलो. सोमवारी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभा राहीन. दोन किलो कमी भरले नाहीत तर हा धडा वैष्णवी शिकवेल आणि मी शेवटच्या बाकावर बसेन! इज्जतीचा प्रश्न! फक्त मधल्या रविवारी आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आहे आणि शिंदखेड्याजवळ सासुरवाडीला जायचंय, हे साफ विसरलो.

आखाजीला जावयापुढे खापरावरचे मांडे येतात, म्हणजे ताटाबाहेर लोंबणाऱ्या पुरणपोळ्या. सोबत आमरस, वर तूप. मी ताट सरकवलं. "आज माझा उपास आहे."

"आखाजीले कोन उपास करस?" सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

पोटात आग पडली होती. आतून पुरणाचा वास येत होता. मला एका जागी बसवेना, म्हणून अंगणात येरझाऱ्या घालू लागलो, आणि तिथेच घात झाला. न जेवता अंगणात फिरणाऱ्या जावयाचा आमच्याकडे एकच अर्थ होतो.

"जवाई रुसनात!" अक्कांनी जाहीर केलं.

"अहो, रुसलो नाही!" मी ओरडलो. (रुसलेला जावई नेमकं हेच ओरडतो.)

पहिला आला मेहुणा रवी. "दाजी, माफ करा. वरातीत घोडीच्या मागे सुतळी बॉम्ब मीच लावला होता!"

"काय?" ती घोडी मला घेऊन थेट पाटाच्या पाण्यात उतरली होती आणि बारा वर्षं मी बिचारीला दोष देत होतो!

मग सासरे, नाना, हात जोडून उभे. "बापू, तुमले कोनी सांगी दिन्हं वाटस. पहिले आमी तुमले नहीच म्हनं व्हतं."

"मला नकार? का?"

"तवय तुमी वाळेल काडी व्हतात! पोरगीले काय पोसशात, असं वाटनं. मंग अक्का बोलनी, जवाईले मी खावाडसू."

सकाळपासून ज्या अ‍ॅड्रेनॅलिनसाठी तळमळत होतो, ते आता भस्सकन आलं. चपला घातल्या (त्यातली एक रवीची) आणि तरातरा बसथांबा गाठला. चरबी रक्तात उतरत असल्याचं मला चक्क जाणवत होतं!

बस काही येईना. उन्हात उभा राहून राग निवला आणि अक्का आठवल्या. दर आखाजीला माझ्या ताटात शेवटचा मांडा वाढताना त्या मला इतकं निरखून का बघतात, ते आज कळलं. माझं पोट ही त्या माउलीची बारा वर्षांची मेहनत होती! मला भरून आलं.

मी परत फिरलो. दारात बायको उभी होती. "झाली फेरी? बसा, पान वाढलंय."

पाच मांडे खाल्ले. अक्का डोळे पुसत वाढत होत्या, मी डोळे पुसत खात होतो.

सोमवारी काट्याने सव्वा किलो जास्त दाखवलं. वर्गाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगावं लागलं. मग मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि वैष्णवीने खडू उचलला.

"सर एक मुद्दा सांगायचा विसरले होते. पेशीतून बाहेर पडलेली चरबी स्नायूंनी जाळली नाही, तर ती गुपचूप परत येऊन बसते. उदाहरण कुणी देईल?"

सगळा वर्ग मागे वळला. मी खाली मान घालून वहीत लिहून घेतलं: 'उदाहरण – बसथांब्यावरून परत आलेला जावई.'